चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

बी.ई.च्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली की एकदा नीट वाचून बघा. सोलर पॉवर्ड ग्रास कटर, सोलर पॉवर्ड वॉटर प्युरिफायर, सोलर पॉवर्ड डस्टबिन (हो, खरंच!). ‘सोलर’ हा शब्द आपल्याकडे पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारखा झालाय. खाली पोहे कच्चे असले तरी चालतं, वरून हिरवं दिसलं पाहिजे. एक्स्टर्नल पण हिरवं बघून खूश होतात, व्हायवात पॅनल किती वॅटचं हा एक प्रश्न विचारतात आणि चहा प्यायला जातात.

माझा सोलरला विरोध नाही. मी इलेक्ट्रिकलची आहे, विरोध करून जाणार कुठे? पण या वर्षी आमच्या टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टमध्ये दोन ग्रुपनी ‘सोलर पॉवर्ड ट्रेल कॅमेरा’ घेतला आणि दोन्ही ग्रुपचा ब्लॉक डायग्राम बघून मला राहवेना. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची आहे. ‘विद्युतघट’ वगैरे माझ्या तोंडात बसत नाही, त्यामुळे बॅटरीला मी बॅटरीच म्हणणार. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रेल कॅमेरा, म्हणजे वनखात्याच्या भाषेत कॅमेरा ट्रॅप, हा झाडाला किंवा खांबाला पट्ट्याने बांधायचा एक डबा. आत कॅमेरा, समोर इन्फ्रारेड एलईडींची जाळी आणि एक पी.आय.आर. सेन्सर. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी हलला की सेन्सरला कळतं, कॅमेरा जागा होतो, फोटो काढतो, परत झोपतो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते आणि त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास फोटो काढले. त्यात वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. गिनीज बुकात नोंद झाली त्याची. बाकीच्या कोट्यवधी फोटोंत इतर प्राणी, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत!

आता तुम्ही म्हणाल, वाघबिघ ठीक आहे, आपल्याला काय त्याचं? माझं आजोळ जुन्नर तालुक्यात आहे. तिथे हा डबा जंगलात नसतो, उसाच्या बांधावर असतो. बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. शेजारच्या अकोले तालुक्यात शेतीच्या भागात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०० चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. आणि ही सगळी वस्तीची, शेतीची जमीन, अभयारण्य नव्हे! २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले.

अशा वेळी गावाला एकच गोष्ट हवी असते, पिंजरा. आणि पिंजऱ्यात कोण आलं? हल्ला करणारा, की त्याच वाटेने रोज मुकाट जाणारा दुसराच कुणी? प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून तर कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात. फोटो असेल तर ओळख पटवायला काहीतरी आधार मिळतो. फोटो नसेल तर ज्याचं नशीब फुटकं तो आत आणि खरा बाहेर. म्हणजे त्या डब्यातली बॅटरी नेमकी त्या रात्री जिवंत असणं हा कुणाच्या तरी घरातल्या पोराचा प्रश्न आहे. ‘सोलर आहे ना, मग झालं’ म्हणून सोडून देण्याचा नाही.

चला, हिशेब करू. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, पण साधा, फक्त फोटो काढणारा, ६ व्होल्टवर चालणारा कॅमेरा धरू. झोपेत तो समजा अर्धा मिलीअँपिअर घेतो. २४ तासांचे झाले १२ मिलीअँपिअर-अवर. रात्रीच्या फोटोला एलईडी पेटतात तेव्हा समजा १ अँपिअर, तीन सेकंद. एका फोटोला साधारण ०.८३ मिलीअँपिअर-अवर. रात्रीत ४० फोटो धरले तर ३३. एकूण दिवसाला ४५. बास!

आता आपल्या घरोघरी इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची काळी-राखाडी लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. ती अर्ध्याखाली उतरवायची नाही असं पथ्य पाळलं तरी २२५० मिलीअँपिअर-अवर हातात आहेत. भागिले ४५. पन्नास दिवस! सूर्याचं तोंड न बघता. बॅटरी स्वतःहून महिन्याला दोन-चार टक्के उतरते ते वजा करा, तरी दीड महिना कुठे गेला नाही. फोटोवाल्या कॅमेऱ्याला मुळात पॅनलची गरज आहे का, हा पहिला प्रश्न. तो दोन्ही ग्रुपनी विचारलाच नाही, कारण टायटलमध्ये ‘सोलर’ आधी लिहिलं होतं.

आता त्यांचा ब्लॉक डायग्राम बघा. १० वॅटचं ‘१२ व्होल्ट’ पॅनल. त्याला बाजारात मिळतो तो साधा पी.डब्ल्यू.एम. चार्ज कंट्रोलर. त्याला यू.पी.एस.मधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी. मग १२ चे ६ करायला एल.एम.२५९६ चं मॉड्यूल. आणि शेवटी कॅमेरा. दिसायला झकास, पोस्टरवर छान बसतं. पण त्या कंट्रोलरचं स्वतःचं पोट आहे. त्याच्या कागदावर बारीक अक्षरात ‘सेल्फ कन्झम्प्शन १० मिलीअँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. चोवीस तास, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला २४०. एल.एम.२५९६ ची चिप काही काम नसताना साधारण ५ मिलीअँपिअर घेते. म्हणजे आणखी १२०. आणि कॅमेरा? त्याचे ६ व्होल्टवरचे ४५ म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूने नुकसान धरून तीसच्या आसपास.

एकूण ३९०, त्यातले कॅमेऱ्याच्या वाट्याला ३०. पंगतीत पाहुणा एक आणि वाढपी बाराजणांचं जेवून जातात! ७ अँपिअर-अवरची अर्धी बॅटरी म्हणजे ३५००. भागिले ३९० केलं की नऊ दिवस. म्हणजे मोठी बॅटरी, मोठं पॅनल, दुप्पट व्होल्टेज, तिप्पट खर्च, आणि ऊन नसेल तर पन्नासाऐवजी नऊ दिवस. माझी आजी याला म्हणते चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आजी इंजिनीअर नाही.

‘पण ऊन असतं ना!’ हे उत्तर मला दोन्ही ग्रुपकडून मिळालं. असतं की. कॉलेजच्या टेरेसवर भरपूर असतं, म्हणून तर डेमो नेहमी टेरेसवर होतो. १० वॅटचं पॅनल भर उन्हात अर्ध्या अँपिअरच्या वर देतं आणि मग वाढप्यांचंही पोट भरतं. झाडाखाली किती देतं ते बघायला मात्र कुणी जात नाही. दाट सावलीत प्रकाश टेरेसच्या कितीतरी पट कमी होतो आणि पॅनलचा करंट त्याच प्रमाणात घसरतो. डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. पॅनल जुळवून घेत नाही. वर आणखी एक गंमत आहे. पॅनलमधले सेल सिरीजमध्ये असतात. एकाच सेलवर वाळकं पान चिकटलं, नाहीतर पक्ष्याने आशीर्वाद दिला, की सगळ्या माळेचा करंट त्या एका सेलवर अडतो. मोठ्या पॅनलमध्ये वाट काढून द्यायला बायपास डायोड असतात, छोट्यात बहुतेक वेळा नसतात. हे आपल्याला सिलॅबसमध्ये आहे, मार्कांसाठी पाठही केलेलं असतं, फक्त पॅनल बांधताना आठवत नाही.

उसाचं तर विचारूच नका. पॅनल लावलं तेव्हा ऊस गुडघ्याएवढा, सगळीकडे लख्ख ऊन. काही महिन्यांनी तोच ऊस पॅनलच्या डोक्यावरून जातो. आणि पावसाळा! श्रावण कवितेत ऊन-पावसाचा असेल, आमच्या आजोळी आठवडा आठवडा नुसता करडा असतो. डिझाइन करायचं ते त्या करड्या आठवड्यासाठी, फेब्रुवारीतल्या टेरेससाठी नव्हे. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

वाचताय? बरं. मग पॅनल लावायचंच असेल तर कसं, ते सांगते. फोटोवाल्या कॅमेऱ्याला दिवसाला ४५ हवेत. जुना ठोकताळा असा, की पॅनलचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच ठेवला तर लेड-अ‍ॅसिडला कंट्रोलर लागत नाही, तेवढं ती पचवते. ४.५ चा शंभरावा हिस्सा ४५ मिलीअँपिअर. म्हणजे अर्ध्या वॅटचं, हाताच्या पंजाएवढं पॅनल. मध्ये एक शॉटकी डायोड, १एन५८१९ चालेल. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात, यावर निम्म्याच्या आसपास. त्याचं काम एवढंच की रात्री बॅटरीचा करंट उलटा पॅनलमध्ये जाऊ नये. दोन तास जरी बरं ऊन मिळालं तरी ९० परत आले, दोन दिवसांची सोय. कंट्रोलर नाही, बक कन्व्हर्टर नाही, त्यांचं पोटही नाही. उन्हाळ्यात बॅटरीचं व्होल्टेज मधूनमधून तपासा. ७ च्या वर जाऊन बसत असेल तर पॅनल आणखी छोटं करा.

वायरिंग करताना बॅटरीच्या प्लसला अगदी लागून फ्यूज घाला. फ्यूज कॅमेऱ्याजवळ घालून उपयोग नाही. वायर मधेच उंदराने कुरतडली आणि शॉर्ट झाली तर वाळक्या पाचटात ठिणगी पडेल, आणि मग बिबट्या राहिला बाजूला, उसालाच आग. वायर पाइपमधून न्या. डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकतं, आत जात नाही. आणि कॅमेऱ्याच्या पिनेचा मधला टोक प्लस आहे की मायनस ते मीटरने बघितल्याशिवाय घालू नका. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं पॅनल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट दाखवतं, ते थेट ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला जोडायचा मोह होतो काहींना. त्या कॅमेऱ्याचा फोटो मग शोकसभेत लावायचा.

व्हिडिओवाला कॅमेरा असेल तर गणित बदलतं. ३० सेकंद एलईडी जळत राहिले तर एका क्लिपलाच आठेक मिलीअँपिअर-अवर जातात, चाळीस क्लिपचे ३३०च्या आसपास. ४जी सिमवाला असेल तर आणखीच. बांधावर रेंज एक काडी, त्यामुळे मोडेम जोर लावतो, परत परत प्रयत्न करतो, आणि एका फोटोमागे काढायला लागली त्याहून जास्त वीज पाठवायला लागते. तिथे कंट्रोलर हवाच, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बरी, पॅनलही मोठं. तिथे माझी हरकत नाही, कारण तिथे कोंबडीच मोठी आहे. पण कंट्रोलर निवडताना तो किती अँपिअर झेलतो एवढंच बघू नका, तो स्वतः रिकामा बसून किती खातो तेही बघा. फार कमी खाणारेही मिळतात, दुकानदाराला विचारावं लागतं एवढंच. (दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.)

अजून एक गोष्ट आहे जी सर्किटमध्ये दिसत नाही. पॅनलला ऊन हवं, म्हणून कॅमेरा दाट जागेतून उघड्यावर येतो. बांधाच्या मोकळ्या टोकाला, पायवाटेच्या कडेला. आणि मोकळ्या पायवाटेने पहाटे कोण जातं? बायका. सरपणाला, गवताला, काही ठिकाणी अजूनही परसाकडे. हे मी मनाने सांगत नाही. उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाबद्दल केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायकांचं जंगलातलं वागणं बदललं, त्या गप्प झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, असं त्यात आहे. एका बाईचा नको त्या अवस्थेतला फोटो गावात फिरवलाही गेला होता. गाणी आणि मोठ्याने गप्पा या नुसत्या करमणुकीच्या नसतात हो, आवाजाने जनावर दूर राहतं. तेव्हा पॅनल आणि कॅमेरा एकाच खांबावर हवेत असा हट्ट कशाला? पाचेक मीटर वायर सोडा. एवढ्या कमी करंटला वायरमध्ये पडणारं व्होल्टेज नगण्य आहे, ओहमच्या नियमाने स्वतः काढून बघा. पॅनल उन्हात ठेवा, कॅमेरा जनावराच्या वाटेवर ठेवा, माणसांची वाट सोडा, आणि गावात सांगून लावा. ही पाच मीटर वायर कुठल्याच ग्रुपच्या बिल ऑफ मटेरियलमध्ये नव्हती.

शिवाय ‘सोलर आहे, जायची गरज नाही’ यातला ‘जायची गरज नाही’ हा भाग मला पटत नाही. बॅटरी बदलायला माणूस दीड महिन्याने जातो तेव्हा तो भिंगावरचं कोळ्याचं जाळं पुसतो, समोर वाढलेलं गवत कापतो, कार्ड बदलतो, पट्टा सैल झाला असेल तर आवळतो. पॅनल लावल्यापासून कुणी फिरकतच नाही. माझ्या मामाच्या बांधाशेजारी असाच एक सोलर डबा होता. मामाला विचारलं, चालू आहे का रे? तर म्हणाला, ‘‘चालू हाय की, लाल दिवा लागतो रोज.’’ दिवा कंट्रोलरचा होता. कॅमेऱ्याचं कार्ड कधीच भरलेलं होतं.

सोलर आणि बिबट्या यांचं खरं नातं बघायचं असेल तर ते मामाच्या मोटरीत आहे. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने, कित्येकदा रात्री. रात्री पाणी धरायला जायचं, हातात टॉर्च, बाजूला उभा ऊस. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायला राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. तिथे पॅनलचं आणि पंपाचं वेळापत्रक जुळतं. ऊन असताना वीज, ऊन असताना पाणी, बॅटरीचं लफडंच नाही. आपल्या प्रोजेक्टच्या यादीत ग्रास कटरऐवजी असं काही दिसलं तर मी स्वतः पोस्टर चिकटवायला येईन.

राहता राहिला प्रश्न झोपेतला करंट मोजायचा. माझे वरचे अर्धा मिलीअँपिअर घेऊन चालू नका, तुमच्या डब्याचे मोजा. मीटर मिलीअँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावायचा, पण कॅमेरा जागा होताना एक अँपिअर खेचतो आणि मीटरच्या आतला २०० मिलीअँपिअरचा फ्यूज उडतो. म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांना समांतर एक जाड वायर लावून ठेवा, कॅमेरा चालू होऊन झोपला की ती काढा, आकडा वाचा, त्याला जागा करायच्या आधी परत लावा. सेन्सरवर जाड कापड टाका, नाहीतर तुम्हालाच बिबट्या समजून तो फोटो काढत बसेल.

आमच्या लॅबमधल्या आठ मीटरपैकी सहांचा हाच फ्यूज गेलेला आहे, मागच्या दिवाळीपासून. एच.ओ.डी. सर हा अंक वाचतात असं ऐकून आहे. सर, सहा फ्यूज. सबमिशनच्या आधी मिळाले तर बरं होईल.